घोड्यांच्या बोटीतून आलेली आमसुलं

मी आयुष्यात पहिल्यांदा चहा प्यायले तो बिनदुधाचा आणि बिनपत्तीचा होता. ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका झाडाची चार पानं उकळत्या पाण्यात टाकायची, वर झाकण ठेवायचं, आणि साखर घालून प्यायचं. बंगल्यातल्या बाई त्याला चहा म्हणायच्या. माझी सासू म्हणायची, ज्यात चहा नाही तो चहा कसला, तो काढा. मी बाईंच्या बाजूनं भांडायची, कारण सासूच्या बाजूनं भांडायची मला सवय नव्हती.

मी लग्न होऊन किहीमला आले ती सन पंचविसाच्या सुमारास. माहेर म्हसळ्याकडचं, भातशेतीवाल्यांचं. चार यत्ता शिकले होते, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. नवरा एका पारशी शेटच्या बंगल्याची बाग राखायचा. बंगल्याचं तोंड समुद्राकडे, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या कडेला आमचं घर. शेटचा धंदा घोड्यांचा. ऑस्ट्रेलियातून बोटी भरून घोडे मुंबईला उतरायचे, ते पलटणीला आणि शर्यतीवाल्यांना विकायचे. शेट स्वतः दोन-तीनदा तिकडे जाऊन आले होते. माणसं परदेशाहून घड्याळं आणतात, कापड आणतात. ह्यांनी घोड्यांच्या दाण्याच्या पेट्यांत माती भरून रोपं आणली. निम्मी बोटीतच मेली. उरलेली माझ्या सासऱ्यांनी मांडव्याहून बैलगाडीत घालून आणली आणि पोफळीच्या सावलीत, पाटाच्या कडेनं लावली. मी आले तेव्हा सासरे वारले होते आणि झाडं पुरुषभर उंच झाली होती.

त्या झाडांची खरी नावं शेट सांगायचे, पण ती आमच्या जिभेवर काही बसली नाहीत. चहाच्या पानांच्या झाडाला आम्ही ‘वासाचं झाड’ म्हणायचो. त्याचं पान हातात चुरगळलं की लिंबापेक्षा जास्त लिंबाचा वास यायचा. दुसऱ्या एका झाडाला गुलाबी, बोराएवढी फळं लागायची आणि ती चावली की तोंडात लवंग फुटल्यासारखं व्हायचं. त्याची बाई गूळ घालून चटणी करायच्या, आणि ती तळलेल्या पापलेटाशी इतकी छान लागायची की मी बंगल्याच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बोटं चाटायची. तिकडची एक बाभूळही होती. बाई तिच्या बिया भाजून, कुटून, त्यांची कॉफी करायच्या. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूनं विचारलं, शेटकडे घोडे आहेत हे ठाऊक होतं, शेळ्याही आहेत का? कारण आमच्याकडे बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात. ती कॉफी मला मात्र आवडायची. अजून आठवली की तो करपट, गोडसर वास येतो.

बाई, म्हणजे शेटची बायको, हिवाळ्यात आणि मे महिन्यात मुंबईहून येत. त्यांच्या हाताखाली मी हे सगळं शिकले. त्या गुजराती वळणाचं मराठी बोलायच्या, माझं चुकलं की हसायच्या आणि त्यांचं चुकलं की माझ्यावर ओरडायच्या. आमचं चांगलं जमायचं.

घरी जमवायला वेळ लागला. माझी सासू कमी बोलणारी, ताठ बाई. तिला खोटं बोलता यायचं नाही आणि दुसऱ्याचं खपायचं नाही. तिची एक गोष्ट मात्र सगळ्या गावानं मानलेली होती, ती म्हणजे तिची आमसुलं. वैशाखात रातांबे उतरले की फोडायचे, साली वेगळ्या करायच्या, गर मिठात घालून त्याचा रस सोडवायचा, त्या रसात साली बुडवायच्या आणि उन्हात टाकायच्या. वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. असं सात वेळा. बायका आपापले रातांबे घेऊन तिच्याकडे यायच्या आणि ती साल नुसती बोटांत धरून सांगायची, अजून दोन पुटं हवीत, किंवा मीठ कमी पडलंय. तिच्या हातच्या साराला आणि माशाच्या कालवणाला तोड नव्हती. ती स्वतः तर सार इतकं प्यायची की सासरे म्हणायचे म्हणे, हिच्या अंगात रक्त नाही, कोकमच आहे.

आणि ही बाई काशीला जाऊन कोकम सोडून आली.

काशीला गेलं की एक आवडतं फळ आणि एक भाजी जन्माची सोडायची, ही आपल्याकडची रीत. लोक त्यातही शहाणपणा करतात. गावातून त्या वर्षी सात-आठ जण गेले होते. कुणी कारलं सोडलं, कुणी पडवळ सोडलं, आणि शेजारच्या काकांनी तर सफरचंद सोडलं, जे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. देव काय झाडाझडती घ्यायला बसलेला नसतो. पण सासूनं कोकम सोडलं. मला त्याचा राग आला. मला वाटलं, हा सगळा ताठा आहे, सगळ्यांपेक्षा मी खरी हे दाखवायचं आहे. त्या वेळी मी तिसऱ्यांदा पोटुशी होते. आधीची दोन मुलं महिना-दोन महिन्यांची होऊन गेली होती. माझं मन थाऱ्यावर नव्हतं आणि कोणावर तरी रागवायला मला कारण हवंच होतं.

तेव्हापासून घरात दोन कालवणं व्हायला लागली. आमचं कोकमाचं, तिचं नुसतं तिखट-मिठाचं. गंमत म्हणजे आमसुलं अजून तीच करायची आणि आमच्यासाठी सारही तीच करायची, फक्त चाखायला मला बोलवायची. मी जीभ लावून सांगायची, आंबट झालंय, पाणी घाला. ती मुकाट्यानं पाणी घालायची. मला ह्यात थोडा मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मुलगी झाली आणि ती राहिली. बघता बघता चार वर्षांची झाली, काळीसावळी आणि तिखट.

त्या वर्षी वैशाखात पाटाकडच्या शेवटच्या झाडाला पहिल्यांदा भरून फळ आलं. आधी चार-दोन यायची, ती वटवाघळं न्यायची. हे झाड विचित्रच होतं. सरळ काठीसारखं खोड, वर पानांचा झुबका, आणि फळं फणसासारखी खोडालाच लगडलेली. मोठ्या जांभळाएवढी, काळी-निळी, वरून बारीक लव. कापलं की आत लालभडक आणि दोन चपट्या बिया. आंबट तर असं की कान गरम व्हायचे. बाईंनी निरोप ठेवला होता की फळं पिकली की उतरवून ठेव, मी आठवड्यानं येऊन साखरेत मुरांबा करणार.

मी उतरवली. दोन टोपल्या भरल्या. पहिल्याच दिवशी पाहिलं तर खालची फळं मऊ पडायला लागलेली. आठवडाभर टिकायची नाहीत हे दिसत होतं. पुढ्यात लाल, आंबट, रसाळ फळ, वर वैशाखाचं ऊन. कोकणातल्या बाईचे हात अशा वेळी विचारायला थांबत नाहीत. मी फळं फोडली, बिया काढल्या, अर्धी रस सुटायला मिठात घातली, आणि उरलेल्यांच्या साली त्या रसात बुडवून बंगल्याच्या गच्चीवर पसरल्या. बाई आल्या तेव्हा पाचवं पुट चाललं होतं. मुरांब्याची सगळी फळं खारवलेली पाहून त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या. दहा वर्षं वाट पाहिलेलं झाड, आणि पहिल्याच पिकाचं ह्या बयेनं आमसूल केलं! मग एक साल तोंडात घालून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, हे आता तूच खा. मी सातही पुटं पुरी केली, चिनी मातीच्या बरणीत भरलं आणि बरणी आमच्या फडताळात ठेवली. सासूला दाखवलं नाही. परक्या फळाला तिची रीत लावली म्हणून ती काहीतरी बोलली असती.

भाद्रपदात तिला हिवताप आला. अलिबागच्या दवाखान्यातून कोयनेल आणलं, तापही उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. काही घातलं तरी कडू लागायचं. पेज दोन चमचे पोटात गेली की मान फिरवायची. लिंबाचं पाणी उलटून पडलं. चिंच, कैरीचं लोणचं, सगळं करून झालं. तीन आठवड्यांत ती इतकी वाळली की अंगणापर्यंत न्यायला दोघं लागायचे. शेवटी मी वासाच्या झाडाची पानं उकळून नेली. आता मला वादात जिंकायचं नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, काढा आहे. तो तिनं वाटीभर प्यायला. एवढाच काय तो आधार. पण काढ्यावर माणूस जगत नाही.

वैद्य येऊन गेले. नाडी पाहिली, आणि बाहेर अंगणात माझ्या नवऱ्याला म्हणाले की अन्न गेलं नाही तर ही बाई दिवाळी पाहायची नाही. जन्मभर ज्यावर जिभेचं प्रेम होतं तेच द्या, कोकमाचं सार द्या, त्यानंच चव उघडेल. नवरा तिच्यापुढे बसून रडला. ती नाही म्हणाली. मी तिच्याशी भांडले. मी म्हटलं, काशीचा भट काय इथं पाहायला येणार आहे? औषध म्हणून घेतलं तर देवसुद्धा काही म्हणत नाही. तुमच्या हट्टापायी ह्यांनी आई घालवायची का? तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला तिचा संतापही आला होता आणि ती मरेल ह्याची भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बरणीची आठवण झाली.

आता इथं मी जे केलं ते सरळ सांगते. मला तिला सांगून देता आलं असतं की हे कोकम नाही, बंगल्यातल्या झाडाचं फळ आहे. मी सांगितलं नाही. एक तर परक्या मुलखाचं म्हणून ती नाकारील असं वाटलं. आणि दुसरं, जे मी कित्येक वर्षं कुणाला बोलले नाही, ते असं की मला पाहायचं होतं, तिच्या जिभेला फरक कळतो का. सात पुटं मी एकटीनं दिली होती. मरणाच्या दारात असलेल्या बाईची मी परीक्षा घेत होते.

साली गरम पाण्यात भिजवल्या, कुसकरल्या, नारळाचं दूध, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ. रंग कोकमापेक्षा जरा जांभळट आला. मऊ भात त्यात कालवून मी पडवीत तिच्या उशाशी बसले. ती डोळे मिटूनच होती. पहिला घास तिनं गिळला. दुसऱ्याला तिनं स्वतः तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, जिंकले. तिसऱ्या घासाला तिनं डोळे उघडले, थाळीत पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

तिनं थाळी ढकलली आणि उठली. एकटी उठली. खांब धरत पडवीच्या पायऱ्या उतरली. मी मागे धावले, तिनं माझा हात झिडकारला. मुलगी अंगणात पोफळीच्या पडलेल्या पानावर बाहुली बसवून ओढत होती. सासू तिच्यापाशी जाऊन मातीतच बसली, तिला मिठीत घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला, पोटाला लावला, तोंड उघडायला लावून जीभ पाहिली. मुलगी गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती आणि ही थरथर कापत होती.

“काय केलंस गं तू,” ती मला म्हणाली. “मी काशीला बोलून आलेय. ही पोर जगू दे, मी कोकम तोंडात घालणार न्हाय. आता हिला काय झालं तर?”

मी जागच्या जागी उभी राहिले. चार वर्षं मी ज्याला ताठा म्हणत होते, तो माझ्या मुलीचा जीव होता. तिनं आपल्याला सगळ्यात प्रिय होतं ते उचलून माझ्या पोटातल्या पोरीसाठी दिलं होतं, मला एका शब्दानं न सांगता. तिच्यासमोर बसून मी रोज ते चाखत होते आणि मोठेपणा मिरवत होते. मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

“आत्याबाई,” मी कसंबसं म्हटलं, “ते कोकम न्हाय. बंगल्यातल्या झाडाचं फळ हाय. घोड्यांच्या बोटीतनं आलेलं.”

तिचा विश्वास बसेना. तिची जीभ तिच्याशी खोटं बोलत नाही असं तिचं म्हणणं. मी धावत जाऊन बरणी आणली आणि तिच्या मांडीवर उपडी केली. तिनं एक साल उचलून अंगठ्यानं चोळली. कोकमाची साल गुळगुळीत असते, हिला लव होती. तिनं ती ओढून फाडली, हुंगली, उन्हाकडे धरून पाहिली. मग दुसरी, मग तिसरी. पाच-सहा साली पाहून झाल्यावर तिचा श्वास खाली बसला. तिनं विचारलं, झाड कुठलं. मी आणि नवऱ्यानं तिला धरून पाटापर्यंत नेलं. फळ त्या दिवसांत नव्हतं, पण तिनं खोडावर जिथं फळांचे देठ सुटले होते त्या खुणांवर हात फिरवला. हे रोप तिच्या नवऱ्यानं लावलेलं, एवढं तिला आठवलं.

मला वाटलं, सुटलो. पण एवढ्यावर मानेल ती माझी सासू कसली. तिनं पुन्हा त्याला हात लावला नाही. कोकम नसलं तरी जिभेला ते कोकमच वाटलं होतं, आणि देवानं फळ धरलं असेल की चव, हे तिला ठाऊक नव्हतं. ती मुलीवर नजर ठेवून बसली. सकाळ-संध्याकाळ कपाळाला हात लावायची. शिंक आली तरी माझ्याकडे पाहायची. एक मात्र झालं, त्या तीन घासांनी तिची चव उघडली होती. पेज वाटीभर जायला लागली, वासाच्या पानांचा काढा ती स्वतः मागायला लागली. मीही त्या दिवसांत दर घटकेला मुलीचं कपाळ पाहायची. देवावर माझा फारसा भरवसा नव्हता, पण मुलीच्या बाबतीत कोण धोका पत्करतो?

आठ दिवस गेले. मुलगी ठणठणीत होती, एवढंच नव्हे तर माडाच्या बुंध्यावरून पडून गुडघा फोडून घेऊन पुन्हा चढायला निघाली होती. नवव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात पानं मांडत होते. सासू भिंत धरत आत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, पोर बरी आहे, ते बोटीतलं सार कर.

मी केलं. तिच्यापुढे भात वाढला, वर सार घातलं. ती पहिला घास घेणार तोच मी विचारलं, कारण तेव्हा विचारलं नसतं तर जन्मभर राहिलं असतं, की एवढी गोष्ट तुम्ही मला सांगितली का नाही. मी चार वर्षं तुम्हाला मनात काय काय बोलले.

तिनं घास तसाच हातात धरला.

“सांगितलं असतं तर तूबी सोडलं असतंस,” ती म्हणाली. “दोन लेकरं गेली व्हती तुजी. तुज्या तोंडाला कायतरी गोड लागत व्हतं, तर ते एक सारच.”

मग तिनं तो घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहत, हळूहळू, सगळा भात संपवला. मी तिच्यासमोर पाटावर बसले, स्वतःला वाढून घेतलं आणि तिच्याबरोबर जेवले. रडू येत होतं आणि भूकही लागली होती. मी दोनदा भात घेतला.